चामडे शिवायचा दोरा : कोणता घ्यावा, कसा ठेवावा



भारतातून आणलेली कोल्हापुरी, मुलाचे दप्तर, बाबांची जुनी बॅग, यांपैकी काहीतरी प्रत्येक घरात कधी ना कधी उसवतेच. तिकडे कोपऱ्यावर बसलेले चर्मकार काका पाच मिनिटांत टाका घालून देत. इथे दुरुस्तीचा खर्च कधीकधी चपलेच्या किमतीच्या वर जातो, आणि बरेचदा कारागीर नुसते चिकटवूनच देतो. म्हणून घरीच शिवू पाहणाऱ्यांसाठी ही माहिती.

आधी माझा पराक्रम सांगतो. बाबा इकडे आले असताना त्यांच्या कोल्हापुरीचा एक कान तळातून सुटला. मी बाउमार्क्टमधून सर्वांत मजबूत म्हणून बारीक नायलॉनचा दोरा आणला आणि जवळजवळ टाके घातले. आठवड्याभरात कान पुन्हा हातात आला. दोरा शाबूत होता, पण चामडे टाक्यांच्या रेषेवर पोस्टाच्या तिकिटासारखे फाटले होते. उसवलेले पुन्हा शिवता येते, फाटलेल्याला ठिगळच लागते. बाबा काही बोलले नाहीत, परत जाईपर्यंत बूट घालून फिरले.

चूक साधी होती. दोरा चामड्यापेक्षा किंचित कमजोर असावा, म्हणजे ताण आला की आधी दोरा तुटतो आणि चामडे वाचते. शिवाय बारीक आणि कडक दोरा तारेसारखा कापत जातो, तर जाड दोऱ्यावर तोच ताण जास्त जागेवर पसरतो. मूळ कोल्हापुरीत तर दोराच नसतो. ती चामड्याच्या वादीने शिवतात, खिळा वापरत नाहीत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले ते चामडे आणि तीच वादी, दोन्ही एकाच जातीची. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांना मिळून.

आता जाडी. पाकिटासाठी साधारण ०.५ ते ०.६ मिमी, बॅग आणि पट्ट्यासाठी ०.८, चपलेच्या तळासाठी १ मिमी किंवा थोडा जास्त. टाके अनुक्रमे ३, ४ आणि ५ मिमीच्या आसपास. पण रिळावर बहुधा मिमी नसून नंबर असतो आणि तो उलटा चालतो : नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. कपड्यांसाठी १०० किंवा १२०, चामड्यासाठी ४०, २०, १०. आम्हा इंजिनियर मंडळींसाठी हिशेब असा की ३००० ला नंबरने भागले की १००० मीटर दोऱ्याचे वजन ग्रॅममध्ये मिळते. म्हणजे २० नंबरचा सुमारे १५० ग्रॅम, १० नंबरचा ३००. काही रिळांवर हेच वजन 'टेक्स' म्हणून छापतात आणि तो आकडा मात्र सुलटा असतो. ऑनलाइन मागवताना नेमका इथेच घोटाळा होतो.

दुकानात 'झाटलरगार्न' मागावे, म्हणजे खोगीर शिवणाऱ्याचा दोरा. मेण लावलेला हवा असेल तर 'गेवाख्स्ट'. आरीला जर्मनमध्ये 'आले' म्हणतात; आले मागून आरी घरी येते, हे आईला फोनवर समजावताना पुरेवाट झाली. सुई बोथट टोकाची घ्यावी, भोक आरीनेच पाडावे. जुनी भोके शाबूत असतील तर तीच वापरावीत, शेजारी नवी पाडू नयेत.

नव्या माणसाने पोलिएस्टर घ्यावा हे माझे मत. तो कमी ताणला जातो, पावसाने त्याची ताकद घटत नाही. जर्मनीत तयार होणारा 'रिट्झा २५', ज्याला हौशी लोक टायगर म्हणतात, हा गुंफलेला आणि मेण लावलेला चपटा दोरा ०.६ पासून मिळतो. बोनिगहाइमच्या आमान कंपनीचा 'सेराफिल' मशीनसाठीही चालतो. नायलॉन चिवट खरा, पण ताणला जातो आणि उन्हाने लवकर खराब होतो. तागासारख्या जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा, टाका सर्वांत देखणा आणि कोल्हापुरीला तोच शोभतो. मात्र त्याला मेण हवेच. शुद्ध मेण आठवडी बाजारात मध विकणाऱ्याकडे मिळते. मेणबत्तीचे पॅराफिन लावू नये, त्याचा भुगा पडतो.

दोरा कशाचा हे ओळखायचे असेल तर टोक जाळून पाहावे. पोलिएस्टर आणि नायलॉन वितळून मणी होतो, लिनन कागदासारखे जळून राख उरते. म्हणून पहिल्या दोघांचे टोक लायटरने बंद करता येते. लिननला शेवटी दोन-तीन टाके उलटे घालावे लागतात. दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी शिवत असाल तर शिवणीच्या चौपट दोरा घ्या, वर वीतभर सुयांसाठी. चामडे जाड असेल तर आणखी.

साठवणीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. खिडकीत रीळ ठेवू नये, जर्मन उन्हाळ्याचे लांबलचक दिवस नायलॉनला पुरेसे असतात. हाइत्सुंगवरही नको : मेण साधारण ६२ अंशांना वितळते, पण त्याच्या बरेच आधी मऊ होऊन धूळ ओढते. केलरमध्ये तर लिनन अजिबात ठेवू नये, जुन्या घरांच्या ओलीत त्याला बुरशी धरते. झिपच्या पिशवीत घालून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कपाटात, हे उत्तम. रिळाला रबरबँड लावू नये, रबर जुने झाले की चिकटून डाग पाडते. आणि लेबल फाडू नका. ते गेले की नंबर गेला.

वर्षभर पडलेला दोरा वापरण्याआधी हातभर तुकडा दोन्ही हातांत धरून झटका द्यावा. सहज आणि कोरडा तुटला तर ते लिनन पुडकी बांधायला ठेवावे. बाबांच्या चपलेला मी शेवटी आतून नवे चामडे लावले आणि ०.८ चा मेणाचा लिनन वापरला, टाके ५ मिमीवर.