कचऱ्यातून विज्ञान : होशंगाबाद ते पुणे

आजच्या भागात एक छोटासा इतिहास. टाकाऊ वस्तू विज्ञानाच्या तासाला कशा पोचल्या, त्याचा.

साल १९७२. मध्य प्रदेशातला होशंगाबाद जिल्हा, म्हणजे आताचं नर्मदापुरम. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तिथल्या १६ शाळांमध्ये एक कार्यक्रम सुरू केला. सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान पाठ नाही करायचं, चार-चार जणांच्या टोळीत बसून स्वतः करून बघायचं. परीक्षेलाही पुस्तक उघडं! आता अडचण बघा: खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा कुठून आणणार? काचेचं महागडं सामान आलं, तरी फुटेल या भीतीने कपाटात बंद. म्हणून स्वस्त आणि जवळपास मिळणाऱ्या वस्तू शोधणं भागच होतं.

१९७८ साली तिथे अरविंद गुप्ता पोचले. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी, आणि त्या नोकरीतून वर्षभराची रजा. त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घेतली, तिचे तुकडे केले आणि त्यात काडेपेटीच्या काड्या खोचल्या. झाले सांधे तयार! चार काड्यांचा चौकोन दाबला की वाकडा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हटत नाही. पुलाच्या सांगाड्यात आणि विजेच्या टॉवरमध्ये एवढे त्रिकोण का दिसतात, ते इथे बोटांनाच कळतं. मी बीटेकला हेच फळ्यावर बघितलं होतं, आकडेमोडीसकट. बोटांना काहीच कळलं नव्हतं.

पुढे २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तोवर तो सुमारे १००० शाळांमध्ये पोचला होता. तीस वर्षांचं काम एका सरकारी निर्णयाने थांबलं.

पण खेळणी थांबली नाहीत. गुप्ता नंतर पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले. तिथली 'पुलस्त्य' इमारत पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून उभी राहिली. जुनी सायकल ट्यूब आणि फिल्म रोलच्या डब्यांचा पंप, स्ट्रॉची पिपाणी, असे शेकडो प्रयोग व्हिडिओ बनून इंटरनेटवर फुकट आले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता खरं बोलूया. काड्यांच्या त्रिकोणांनी कुठलाही कचरा डेपो रिकामा होत नाही. मग यातून मिळतं काय? रबर ताणलं जातं, पत्रा वाकतो, प्लॅस्टिक तापवलं की मऊ पडतं, हे ज्या मुलाने हाताने अनुभवलंय, त्याला वस्तू फेकताना प्रश्न पडतो: ही कशाची बनलीय? आणि रिसायकलिंगची सुरुवात याच प्रश्नाने होते. कारण आधी वर्गवारी, मग बाकी सगळं. 'कचरा करू नका' असं फळ्यावर दहा वेळा लिहून हा प्रश्न पडत नाही.

घरात लहान भावंडं, भाचरं असतील तर या रविवारी सायकलवाल्याकडून व्हॉल्व्हची नळी आणा. काड्यांची गुलं आधी खरवडून काढा बरं का! आणि त्रिकोण मोडायचं चॅलेंज द्या.

भेटू पुढच्या भागात.