डॉ. कमला सोहोनी यांचे जीवरसायनशास्त्रीय संशोधन : पदवी, प्रयोगशाळा आणि वालाचा दाणा

प्रस्तावना

भारतातील विज्ञानाच्या इतिहासात डॉ. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, १९११-१९९८) यांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात आटोपतो. विज्ञानशाखेत पीएच.डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री, हे ते वाक्य होय. त्याला जोडूनच सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारल्याची हकीकत सांगितली जाते. या दोन गोष्टींपलीकडे त्यांनी प्रयोगशाळेत नेमके काय केले, याची चर्चा मराठीत क्वचितच आढळते. त्यांचे डॉक्टरेटचे संशोधन कोणत्या परिस्थितीत झाले, त्या पदवीचा त्या काळी अर्थ काय होता आणि पुढे मुंबईत त्यांनी उभ्या केलेल्या कार्याचा जीवरसायनशास्त्र व प्रतिकारशास्त्र यांच्याशी कसा संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

'पहिली' या विशेषणाविषयी आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळाली होती, ती डी.एस्सी. म्हणून नोंदली जाते. अक्षरे पीएच.डी. अशीच हवीत असा आग्रह धरला तर पहिलेपणाचा मान कमलाबाईंकडे जातो. संशोधनाच्या इतिहासात असा आग्रह फारसा उपयोगाचा नाही. त्याने एका स्त्रीचा गौरव करताना दुसरीचा विसर पडतो, एवढेच घडते.

बंगळूर

भागवतांच्या घराण्यात रसायनशास्त्र नवे नव्हते. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे पदवीधर असून बंगळूरच्या टाटा संस्थेच्या, म्हणजेच भारतीय विज्ञान संस्थेच्या, आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उत्तम गुणांनी मिळविल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज करावा, हे ओघानेच आले. रामन त्याच वर्षी संस्थेचे संचालक झाले होते. अर्जदार स्त्री आहे या कारणाने त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी तो नकार मानला नाही व थेट त्यांच्यापुढे जाऊन दाद मागितली. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना होणार नव्हती. मार्गदर्शक सांगतील तितका वेळ काम करावे लागणार होते. आपल्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू द्यायचे नाही, अशीही अट होती.

हा तपशील मुख्यतः कमलाबाईंनी उत्तरायुष्यात सांगितलेल्या आठवणींवर आधारलेला आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. तथापि त्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण दिसत नाही. वर्षभराच्या कामानंतर रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंना मात्र तो अपमान शेवटपर्यंत विसरता आला नाही.

बंगळूरला त्यांचे मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या होते. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले व १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळविली. संशोधन बंगळूरला आणि पदवी मुंबईची, ही व्यवस्था आज चमत्कारिक वाटेल. भारतीय विज्ञान संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९५८ मध्ये मिळाला. तोपर्यंत तेथील विद्यार्थ्यांना पदवीसाठी अन्य विद्यापीठाचा आधार घ्यावा लागे. या व्यवस्थेत किती जण अडकले असतील याची कल्पना हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांच्या उदाहरणावरून येते. त्यांनी रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरा व माणिक यांवर संशोधन करून १९४५ मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. एम.एस्सी. नसल्याच्या कारणावरून त्यांना पीएच.डी. देण्यात आली नाही. प्रबंध तयार होता, शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते, आणि तरीही पदवी हुकली. कमलाबाई या फेऱ्यातून सुटल्या त्या गुणवत्तेबरोबरच मुंबईच्या एम.एस्सी.मुळे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

केंब्रिज

मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर त्या १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या व न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलँड हॉपकिन्स हे जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी होते. स्त्रियांना संशोधनास वाव देणारा विभाग म्हणून त्यांची प्रयोगशाळा ओळखली जाई. मार्जरी स्टीव्हन्सन आणि डोरोथी नीडहॅम या तेथेच काम करीत होत्या. बंगळूरच्या तुलनेत हे वातावरण किती निराळे होते, हे सांगावयास नकोच.

प्रथम त्यांनी डेरेक रिक्टर यांच्यासह प्राण्यांच्या ऊतींतील विकरांवर काम केले. तो निबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली त्या वनस्पतींच्या श्वसनाकडे वळल्या. डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोम या रंगद्रव्य-प्रथिनांचे पेशीश्वसनातील कार्य दाखवून दिले होते. प्राण्यांच्या स्नायूंत व किण्वात ही यंत्रणा स्पष्ट दिसे; हिरव्या वनस्पतींत ती कितपत आहे, हे निश्चित नव्हते. कमलाबाईंनी बटाट्यापासून आरंभ करून वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम सी आणि त्याच्याशी निगडित ऑक्सिडीकरणाची व्यवस्था असल्याचे दाखविले. हिल व भागवत यांची यासंबंधीची टिप्पणी १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये आली. वनस्पती आणि प्राणी यांचे श्वसन मुळात एकाच धाटणीचे आहे, या आज पाठ्यपुस्तकात सहज येणाऱ्या विधानामागे अशी कामे आहेत.

त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पृष्ठांचा होता आणि काम सुमारे चौदा महिन्यांत पूर्ण झाले, असे सांगितले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.स किमान तीन वर्षे लागतात आणि आपल्याकडील प्रबंधांची जाडी सर्वांच्या परिचयाची आहे. अर्थात पृष्ठसंख्येवरून दोन काळांची तुलना करणे योग्य नाही. परंतु सांगण्यासारखे जेवढे होते तेवढेच सांगितले, आणि परीक्षकांना ते पुरले, ही बाब नजरेआड करता येत नाही.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवावी लागते. गौरवपर लेखनात ती सहसा येत नाही. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी व विद्यापीठाचे सदस्यत्व १९४८ मध्ये दिले. त्यापूर्वी स्त्रियांना मिळे ते केवळ पदवीचे नाव. विद्यापीठाच्या कारभारात त्यांना स्थान नसे. १९३९ मधील कमलाबाईंची पीएच.डी. या व्यवस्थेतील आहे. म्हणजे बंगळूरला दारातच अडविले गेले, आणि केंब्रिजला आत घेऊन बसावयास अर्धेच आसन दिले गेले. सारा दोष एकट्या रामन यांच्या माथी मारणाऱ्यांनी हेही पाहावे.

मुंबई

१९३९ मध्ये भारतात परतून त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालकाचे पद घेतले. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये (पुढची विज्ञान संस्था) जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. तेथे त्या पुढे संचालकही झाल्या.

त्यांच्या नीरेवरील संशोधनाची प्रसिद्धी अधिक झाली. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतलेल्या त्या कामास राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. परंतु शास्त्रीयदृष्ट्या अधिक मोलाचे काम आपल्या स्वयंपाकघरातील कडधान्यांवरचे आहे. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराचे कार्य रोखणारी प्रथिने असतात. त्यामुळे प्रथिने पोटात जाऊनही त्यांचे नीट पचन होत नाही. शिजविल्यावर हा दोष बराचसा नाहीसा होतो. कुनिट्झ यांनी सोयाबीनमधील असे प्रथिन १९४५ मध्ये स्फटिकरूपात मिळविले होते. सोहोनी व त्यांचे विद्यार्थी के. एस. आंबे यांनी वाल आणि डबल बी यांतील रोधकांचे स्फटिक मिळविल्याचे १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. मांसाहार न परवडणाऱ्या वा न करणाऱ्या समाजात डाळ हाच प्रथिनांचा आधार असतो. तेव्हा हा प्रश्न निव्वळ शास्त्रीय कुतूहलाचा नव्हता. वाल भिजवून, मोड आणून, सोलून शिजविणाऱ्या कोकणातील गृहिणीला त्यातील रसायन ठाऊक नसले तरी कच्चा वाल बाधतो, हे ठाऊक होतेच.

याच वालात आणखी एक प्रथिन आहे. तांबड्या रक्तपेशी एकमेकींना चिकटवून त्यांच्या गुठळ्या करणारे हे रक्तसमूहक प्रथिन होय. १९६० च्या दशकात सोहोनींच्या प्रयोगशाळेत त्याच्या शुद्धीकरणावर काम झाले. येथे जीवरसायनशास्त्राचा धागा प्रतिकारशास्त्राला येऊन मिळतो. अशी प्रथिने पेशीपृष्ठावरील विशिष्ट शर्करा ओळखतात. त्यांपैकी काही ठरावीक रक्तगटाच्याच पेशी निवडतात. ही निवड पाहून विल्यम बॉइड यांनी १९५४ मध्ये त्यांना 'लेक्टिन' हे नाव दिले. प्रतिपिंडासारखी निवड, पण जिला प्रतिकारसंस्थेशी काही देणेघेणे नाही अशा वनस्पतीकडून, हे कोडे त्या काळच्या प्रतिकारशास्त्रज्ञांना आकर्षित करणारे होते. १९६० मध्ये पीटर नॉवेल यांनी राजमाच्या कुळातील घेवड्याच्या अर्काने रक्तातील लसिकापेशी विभाजित होऊ लागतात असे दाखविले. तोवर लसिकापेशी ही वाढ संपलेली पेशी मानली जाई. ती समजूत या एका निरीक्षणाने ढासळली. सोहोनींच्या गटाने या दिशेने पाऊल टाकले नाही. त्यांचा रोख पोषणाकडेच राहिला. साधनांची मर्यादा हे त्याचे एक कारण असू शकेल, पण आवडीचा भागही असावा. दाण्यातले प्रथिन ताटात पोचल्यावर काय करते, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे ग्राहक चळवळीत पडून अन्नभेसळीविरुद्ध लिहिणाऱ्या कमलाबाईंचाही तोच प्रश्न होता.

कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी म्हणजे विदुषी दुर्गा भागवत. त्यांनीही डॉक्टरेटसाठी संशोधन आरंभिले होते. मध्य प्रदेशातील आदिवासींत फिरत असता रानातील विषारी सुरण खाण्यात आल्याने त्या कित्येक वर्षे अंथरुणास खिळल्या आणि तो प्रबंध अपुरा राहिला. एकाच घरातल्या दोन बहिणी. एकीने वनस्पतींतील घातक द्रव्ये परीक्षानळीत वेगळी केली, दुसरीच्या संशोधनाचा मार्ग त्यांतल्याच एकाने बंद केला. दुर्गाबाईंना पदवीवाचून विद्वत्ता सिद्ध करता आली, कारण साहित्य व लोकसंस्कृती यांच्या अभ्यासाला ग्रंथालय पुरते. जीवरसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते आणि तिचे दार पदवी व प्रवेशपत्र पाहूनच उघडत असे. १९३३ मध्ये बंगळूरला कमलाबाई परत फिरल्या असत्या, तर त्यांना पर्यायी वाट नव्हती.