सुईची परीक्षा आणि वऱ्हाडचें ऊन

परीक्षा घेणें हा आमचा गेल्या तीस वर्षांचा व्यवसाय. त्यामुळें एक गोष्ट आम्हांस अनुभवानें पटलेली आहे, ती ही कीं, परीक्षेंत विद्यार्थ्याइतकीच परीक्षकाचीही कसोटी लागत असते. प्रश्नच चुकीचा असेल तर उत्तर बरोबर येऊनही त्याचा उपयोग नसतो. हें सूत्र शाळा-महाविद्यालयांपुरतेंच खरें आहे असें नाहीं. रस्त्यावर जें डांबर पसरलेलें असतें त्याच्या परीक्षेचा इतिहास पाहिला असतां तें अधिकच स्पष्टपणें दिसून येतें. विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. परंतु ज्या वाटेनें आपला कापूस बाजारास जातो, आपलीं मुलें शाळेस जातात आणि अडलेली बाळंतीण इस्पितळांत पोंचते किंवा पोंचत नाहीं, त्या वाटेचा हा विषय असल्यामुळें वाचकांनीं थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

आमचें बालपण वाशीमास गेलें. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म तें हेंच. इंग्रजी अमदानींत हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हा अस्तित्वांत आला. येथील भूमि मोठी विलक्षण! खडक पाहावा तर दख्खनचा काळा पाषाण, ज्याची खडी रस्त्यास उत्तम. आणि माती पाहावी तर कापसाची काळीभोर जमीन, जी पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते आणि वरच्या रस्त्यास कधीं स्वस्थ बसूं देत नाहीं. मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढला म्हणजे रस्त्यावरचें डांबर पाघळे. आमच्या चपला त्यांत रुतून बसत, आणि आम्ही पोरें त्याच्या गोळ्या वळून कोणाची गोळी न तुटतां अधिक ताणली जाते याची पैज लावीत असूं. पुढें पावसाळा आला कीं त्याच रस्त्याची चाळण होई. वडीलधारी मंडळी म्हणत, डांबरांतच खोट आहे. रस्ता करणारे म्हणत, डांबर परीक्षेंत उतरलेलें आहे, हा पाहा दाखला! दोहोंपैकीं खरें कोण, हें कोडें आम्हांस पुष्कळ वर्षें उलगडलें नाहीं.

आपण ज्यास सरसकट डांबर म्हणतों त्या वस्तुतः दोन वस्तु आहेत. एक दगडी कोळशापासून निघणारी. दुसरी खनिज तेल शुद्ध करतांना तळाशीं उरणारी, जिला बिटुमेन म्हणतात. आजच्या रस्त्यांवर ही दुसरीच असते. निसर्गांतही ती सांपडते. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहांतून पाणी झिरपूं नये म्हणून तिचा थर दिलेला आढळला आहे. रस्त्यांत तिचें काम खडीस खडी धरून ठेवण्याचें. उन्हांत डांबर फार मऊ झालें तर चाकांखालीं रस्ता दबून चाकोऱ्या पडतात. फार कडक झालें तर त्यास तडे जातात, आणि तड्यांतून पाणी शिरलें कीं रस्ता उखडण्यास वेळ लागत नाहीं. मऊपणा व कडकपणा यांचा तोल जोखणें, हीच डांबराची परीक्षा.

ही परीक्षा प्रथम कशी होत असे, हें ऐकून वाचकांस हंसूं येईल. १८७६ सालीं वॉशिंग्टन शहरांतील पेनसिल्व्हेनिया मार्गावर त्रिनिदाद बेटांतील सरोवराचें डांबर घालण्यांत आलें आणि अमेरिकेंत अशा रस्त्यांचा प्रसार झाला. त्या काळचे परीक्षक डांबराचा तुकडा चक्क चावून पाहत आणि त्यावरून तें मऊ कीं कडक हें ठरवीत! आमच्या गोळ्यांच्या पैजेहून ही पद्धत फारशी पुढारलेली होती असें म्हणवत नाहीं. प्रत्येकाचे दांत निराळे, तेव्हां निकालही निराळा. १८८८ सालीं बोवेन नांवाच्या गृहस्थानें यावर तोड काढली. शिवणकामाची साधी सुई वजनाखालीं डांबरांत किती शिरते, हें मोजणारें यंत्र त्यानें बनविलें. त्याचेंच सुधारलेलें रूप पुढें सर्वमान्य झालें: १०० ग्रॅम वजन, ५ सेकंद वेळ, २५ अंश सेंटिग्रेड उष्णता, आणि सुई मिलिमीटरचे जितके दशांश शिरेल ती त्या डांबराची प्रत. ८० ते १०० दशांश शिरली तर डांबर मऊ, ६० ते ७० शिरली तर त्याहून कडक. १९१८ सालीं अमेरिकन सरकारच्या रस्ते-खात्यानें ही प्रतवारी स्वीकारली.

आपल्याकडे मोटारी वाढूं लागल्या तेव्हां रस्त्यांची दैना पाहून १९२७ सालीं सरकारनें एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅ. मुकुंद रामराव जयकर, जे पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले. त्या समितीच्या शिफारशींतून १९२९ सालीं रस्त्यांसाठीं मध्यवर्ती निधि उभा राहिला आणि १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९४३ सालीं देशांतील मुख्य इंजिनिअर आमच्या विदर्भांतच, नागपुरास, जमले आणि त्यांनीं वीस वर्षांची योजना आंखली. शेतीच्या सुधारलेल्या प्रदेशांत कोणतेंही गांव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर नसावें, हा त्या योजनेचा एक मोठा संकल्प. मुंबई-नागपूर आगगाडीचा मार्ग अकोला-मूर्तिजापुरावरून गेलेला. तेव्हां वाशीम, रिसोड, मालेगांवकडील शेतकऱ्यास हा संकल्प किती मोलाचा होता हें सांगावयास नको. रस्ते आले, त्यांबरोबर डांबर आलें आणि डांबराबरोबर ती सुईही आली.

आतां आमच्या कोड्याकडे वळूं. सुई खोटें बोलत नव्हती. परंतु ती विचारीत होती २५ अंशांवरचा प्रश्न. हें तापमान प्रयोगशाळेच्या शीतल खोलीचें. वऱ्हाडांतल्या काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग मे महिन्याच्या दुपारीं ६० अंशांच्या घरांत जातो. आणि खरी मेख अशी कीं, निरनिराळ्या खनिज तेलांपासून काढलेलीं दोन डांबरें २५ अंशांवर सुईस सारखेंच उत्तर देतात, पण ६० अंशांवर एक टिकून राहतें व दुसरें पाघळतें. आमच्या घरांतील कोणतीही सुगरण पाकाची तार पाहते ती पाक चुलीवर असतांना. कढई उतरून गार झाल्यावर नव्हे. सुगरणीचें हें शहाणपण प्रयोगशाळेंत शिरावयास बराच काळ लागला. म्हणजे दाखलाही खरा होता आणि वडील मंडळींची तक्रारही खरी होती.

अमेरिकेंत १९६० नंतर ६० अंशांवरच डांबराचा घट्टपणा, ज्यास शास्त्रज्ञ श्यानता म्हणतात, मोजण्याचा प्रघात पडूं लागला. तापविलेलें डांबर बारीक नळींतून चढण्यास किती वेळ घेतें, यावरून तो काढतात. आपल्या देशांत हा बदल भारतीय मानकांत २००६ सालीं झाला. सुईच्या प्रती जाऊन व्ही. जी. १०, २०, ३० व ४० अशा प्रती आल्या. २०१३ च्या सुधारणेनें तर आणखी महत्त्वाचें पाऊल टाकलें. सलग सात दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी ३८ ते ४५ अंश असेल तेथें व्ही. जी. ३०, म्हणजे २४०० ते ३६०० पॉइज श्यानतेचें डांबर, आणि ४५ अंशांहून अधिक असेल तेथें व्ही. जी. ४० वापरावें, असें तींत सुचविलें. आमचा मुलूख या दोहोंच्या सीमेपासून फार दूर नाहीं, हें पाहिलें म्हणजे निवड किती दक्षतेनें केली पाहिजे तें ध्यानीं येतें. अवजड वाहतूक असेल तर व्ही. जी. ४० कडेच झुकावें लागतें. अमेरिकेनें १९८७ पासूनच्या संशोधनांतून याच्याही पुढें जाऊन, जेथें रस्ता व्हावयाचा तेथील पराकाष्ठेचें ऊन व थंडी पाहूनच डांबराची प्रत ठरविण्याची पद्धति काढली. तात्पर्य, परीक्षा अखेर प्रयोगशाळेंतून उठून रस्त्यावर आली.

जून २०२२ मध्यें आमच्या शेजारीं, अमरावती-अकोला मार्गावर, ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्याचा जागतिक विक्रम झाला. वऱ्हाडी माणसास त्याचा अभिमान वाटला यांत नवल नाहीं. परंतु रस्त्याचा खरा निकाल तासांत लागत नसतो, उन्हाळ्यांत आणि पावसाळ्यांत लागतो. शिवाय उत्तम प्रतीचें डांबरही पिंपांत अवाजवी तापविलें तर ठिसूळ होतें. थर पातळ घातला, पाण्यास वाट ठेवली नाहीं, तर काळी जमीन आपला हिशेब चुकता करतेच. आणि परीक्षेस पाठविलेला नमुना व रस्त्यावर ओतलेला माल हे एकच आहेत, एवढें मात्र कोणतेंही यंत्र सांगूं शकत नाहीं. तें सही करणाऱ्या माणसानेंच सांगावयाचें असतें.

आम्ही उत्तरपत्रिका तपासावयास बसतों तेव्हां हल्लीं मधूनमधून ती सुई आम्हांस आठवते. ज्या मुलाचें पुढील आयुष्य ६० अंशांच्या उन्हांत जावयाचें, त्यास आम्ही २५ अंशांवर तर जोखीत नाहीं ना, असा प्रश्न मनांत येतो, आणि हातांतील लाल पेन क्षणभर थांबतें.