स्वयंसेवी निसर्ग अभ्यासक : प्रशिक्षण, नोंदवही आणि आपली वस्ती

निसर्ग अभ्यासक व्हायचे म्हटले की परभणीतले तरुण आम्हाला पहिला प्रश्न विचारतात : इथे जंगल कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. काळी जमीन, कापूस-सोयाबीन, गोदावरी, पूर्णा आणि दुधनेचे काठ, जिंतूरकडचे थोडे डोंगर आणि माळ एवढाच आपला जिल्हा. वनक्षेत्र अगदी कमी. पण या कामाला जंगल लागत नाही. एकच जागा वर्षभर पाहायची, पाहिलेले तारखेसह लिहायचे आणि इतरांना दाखवायचे, हे जो विनामोबदला करतो तो स्वयंसेवी निसर्ग अभ्यासक.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात अशा स्वयंसेवकांचा रीतसर कार्यक्रम चालतो : किमान 40 तासांचे प्रशिक्षण आणि नंतर दरवर्षी 40 तासांची सेवा. आपल्याकडे 1883 मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी अभ्यासक्रम चालवते. शुल्क आणि इंग्रजी झेपत असेल त्यांनी जरूर करावेत. पण गावात बसून हे काम करायला कायद्यानेच एक जागा ठेवली आहे आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

जैविक विविधता कायदा, 2002 च्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. समितीचे मुख्य काम लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे : गावातली झाडे, गवते, पिकांची वाणे, पशुपक्षी, मासे आणि त्यांच्याविषयीचे लोकांचे ज्ञान. 2004 च्या केंद्रीय नियमांत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य, त्यात किमान एकतृतीयांश महिला आणि किमान 18 टक्के अनुसूचित जाती-जमातींचे, अशी रचना होती. 2023 च्या दुरुस्तीनंतर रचना ठरवणे राज्याकडे आले आहे, म्हणून सध्याचा आदेश ग्रामपंचायतीतून मागून घ्यावा. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये राज्यांना 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली आणि चुकल्यास दरमहा 10 लाख रुपये भरायला सांगितले. मग वह्या भराभर तयार झाल्या. घाईत भरलेल्या वह्या कशा असतात हे सरकारी कागद पाहिलेल्यांना सांगायला नको. आपल्या गावची वही काढून तिच्यात आपल्या वस्तीतल्या किती जणांना विचारले आहे, एवढे पाहणे हाच प्रशिक्षणाचा पहिला धडा समजा.

दुसरा धडा वहीचा. घरापासून किलोमीटरभरातली एक जागा निवडा : ओढा, पाझर तलाव, विहारामागचे लिंबाचे झाड, काहीही. आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटे तिथे थांबा. तारीख, वेळ, काय दिसले, किती दिसले, काय करत होते, हे लिहा. नाव आपल्या तोंडातले आधी लिहा. भारद्वाजाला आपल्याकडे कुंभार कुकडा म्हणतात, नीलगाईला रोही. पुस्तकी नाव नंतर शेजारी लिहिता येते. ओळख पटली नाही तर तसेच नोंदवा, अंदाजाने नाव ठोकू नका. पक्ष्यांच्या नोंदी ‘ई-बर्ड’वर आणि इतर जीवांचे फोटो ‘आय-नॅचरलिस्ट’वर टाकले की जाणकार दुरुस्त करतात. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांचे हे जन्मदिवस. गटाने सुरुवात करायला तो आठवडा बरा. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अभय दिलेल्या प्राण्यांची यादी आहे, त्यात पोपट, मैना, कासव यांच्याबरोबर चक्रवाकही आहे. हा चक्रवाक हिवाळ्यात मराठवाड्यातल्या जलाशयांवर आजही येतो. येलदरीच्या काठावर शोधून पाहा.

तिसरा धडा माणसांकडून घ्यायचा आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा आहे. पहिल्या पावसानंतर बांधावर तरोटा, कुंजरू, पाथरी, चिवळ कधी येते हे खुरपायला जाणाऱ्या बायांना विचारा. तणनाशक आल्यापासून यातले काय आधी गेले, हेही त्याच सांगतील.

मग म्हाताऱ्यांना गिधाडांविषयी विचारा. मेलेली ढोरे ओढणे जातीने आपल्यावर लादले होते, म्हणून गिधाडे कुठे उतरत, किती उतरत, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितले, त्यातून आपला माणूस उभा राहिला. पुढे 1990 च्या दशकात गिधाडेच संपत गेली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे हे होते, असे 2004 मध्ये सिद्ध झाले आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. ही माहिती नोंदवहीत ‘पारंपरिक ज्ञान’ या गोड शब्दाखाली जाऊ नये. ती कोणत्या सक्तीतून आली तेही शेजारी लिहावे. सांगायची इच्छा नसेल तर वही बंद करून चहा घ्यावा. औषधी वनस्पतींचेही तसेच आहे. सांगणाऱ्याची संमती घ्या, त्याचे नाव लिहायचे का ते विचारा आणि उपचाराची कृती मोबाइलवर पसरवू नका.

गायरानाचा पेच आहेच. अभ्यासकाला तिथे पवन्या, मारवेल, माळटिटवी दिसते. आपल्या भूमिहीन कुटुंबांना तिथे पोटापुरती जमीन दिसते, जिच्यासाठी 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली लाखो लोक तुरुंगात गेले. आम्ही दोन्ही लिहितो : कोणते गवत शिल्लक आहे आणि कोणते कुटुंब किती वर्षांपासून कसते आहे. गवताची नोंद कुणाला उठवण्यासाठी वापरली जात असेल तर त्या कुटुंबाची नोंदही त्याच पानावर असली पाहिजे. यावर आमच्यातही वाद होतात.

सापांचे थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ओळखायला शिका, पकडायला जाऊ नका. परवानगीशिवाय ते गुन्हाही आहे. चावल्यास थेट सरकारी दवाखाना.

वर्षभरानंतर चार ऋतूंच्या नोंदी हातात असतील. त्यांची प्रत अर्जासोबत ग्रामपंचायतीत द्या आणि नोंदवहीत समावेश करण्याची मागणी करा. दोघे-तिघे मिळून जा, त्यात एक तरी मुलगी असू द्या आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.