राणीने कधीही न पाहिलेले घड्याळ

१/ सन १७८३. पॅरिसमधील घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे यांच्याकडे एक विलक्षण मागणी नोंदवली गेली. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी खिशातले घड्याळ घडवायचे होते. त्या काळी ज्ञात असलेली प्रत्येक करामत त्यात असावी, शक्य तेथे इतर धातूंऐवजी सोने वापरावे, आणि वेळ व खर्च यांना मर्यादा नसावी, अशा अटी होत्या. ही मागणी राणीच्या रक्षकदलातील एका अधिकाऱ्याने दिली, असे परंपरा सांगते.

२/ तास-मिनिटे दाखवण्यापलीकडच्या प्रत्येक सोयीला घड्याळजींच्या भाषेत ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात. १६० क्रमांकाच्या या घड्याळात अशा करामतींची रेलचेल आहे. कळ दाबली की तास, पाव तास आणि मिनिटे ठोक्यांनी ऐकू येतात. आत तापमापक आहे, किती चावी उरली हे दाखवणारा काटा आहे. बाळगणारा चालू लागला की प्लॅटिनमचे वजन हिंदकळते आणि चावी आपोआप बसते. एकूण भाग ८२३.

३/ यांतली एक नाजूक करामत कालसमीकरणाची. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे सूर्याचा मध्यान्ह घड्याळातील बाराशी नेहमी जुळत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तो सुमारे १६ मिनिटे लवकर, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे १४ मिनिटे उशिरा येतो. वर्षातून चारच वेळा हा फरक शून्य होतो. वर्षभरात एकच फेरा घेणारी, असमान काठाची एक चकती तो काट्यापर्यंत पोहोचवते.

४/ जोडीला ‘शाश्वत कॅलेंडर’. कोणता महिना ३० दिवसांचा, कोणता ३१ चा, कोणत्या वर्षी फेब्रुवारी २९ चा, हे यंत्र स्वतःच ओळखते. इतिहासाने थट्टा केली ती नेमकी या ‘शाश्वत’ शब्दाची.

५/ १७८९ मध्ये राज्यक्रांती झाली. ऑगस्ट १७९२ मध्ये राजसत्ता कोसळली आणि राजकुटुंब ताँप्ल येथे कैदेत पडले. वर्षभराने राणीला कोंसिएर्जरी तुरुंगात हलवण्यात आले. हा तुरुंग सीन नदीकाठच्या ज्या रस्त्यावर आहे, त्याच्या नावाचा अर्थ ‘घड्याळाचा धक्का’. ब्रेगे यांचा कारखानाही याच धक्क्यावर होता.

६/ ५ ऑक्टोबर १७९३ रोजी क्रांतिकारी सभेने जुने कॅलेंडरच रद्द केले. नव्या वर्षात ३० दिवसांचे १२ महिने व वरचे काही दिवस, आठवडा १० दिवसांचा, दिवस १० तासांचा, तास १०० मिनिटांचा. त्यानंतर ११ दिवसांनी राणीचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. ब्रेगे स्वतः त्याच वर्षी स्वित्झर्लंडला निघून गेले होते. मालकीण उरली नाही, कारागीर परागंदा, आणि ज्या कॅलेंडरसाठी यंत्र योजले होते ते स्वदेशातच बाद!

७/ दहा तासांचा दिवस लोकांच्या अंगवळणी पडला नाही. १७९५ मध्ये तो गुंडाळला गेला. त्याच वर्षी ब्रेगे परतले. १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनच्या आदेशाने जुने कॅलेंडरही परत आले. ब्रेगे १८२३ मध्ये वारले. घड्याळ पूर्ण झाले १८२७ मध्ये. मागणीला ४४ वर्षे लोटली होती, राणीच्या मृत्यूला ३४.

८/ मग ते पूर्ण का केले? राणीला नजराणा देण्याचे प्रयोजन तर केव्हाच संपले होते. उरला होता तो त्या अटींचा कस. आपल्या हातून काय घडू शकते, याची ती कारखान्यापुरती परीक्षाच होती. घड्याळाला राणीचे नाव असले, तरी त्याचे श्रेय ब्रेगे यांच्यामागे ते पूर्ण करणाऱ्या कारागिरांचेही आहे.

९/ पुढे १९१७ मध्ये हे घड्याळ ब्रिटिश संग्राहक सर डेव्हिड सॉलोमन्स यांच्याकडे आले आणि त्यांच्या संग्रहासोबत जेरुसलेमच्या संग्रहालयात पोहोचले. एप्रिल १९८३ मध्ये तेथून १०६ वस्तू चोरीला गेल्या. हेही त्यांत होते. दोन दशकांहून अधिक काळ त्याचा थांगपत्ता नव्हता. त्या काळात ब्रेगे कंपनीने जुन्या कागदपत्रांवरून प्रतिकृती घडवायला घेतली. पण २००८ मध्ये ती जगासमोर येण्यापूर्वीच मूळ घड्याळ परत मिळाले होते.

१०/ आज ते ‘मारी आंत्वानेत’ याच नावाने ओळखले जाते. राणीने मात्र ते कधी हाती घेतले नाही. कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते, की ताँप्लच्या कैदेतून तिने ब्रेगे यांच्याकडे घड्याळ मागितले होते. ते तिला मिळालेही. ते अगदी साधे होते.

(समाप्त)