भाड्याचे ढग

भिवंडीकराला ढगाचं कौतुक बेताचंच. ढग दाटले की आम्ही आधी सुताचे बीम वर उचलतो, मग वाळत घातलेले कपडे काढतो आणि वेळ उरलाच तर आकाशाकडे बघतो. त्यामुळे परवा गणपतीला आलेला भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, मी मॉडेल ढगात चालवतोय," तेव्हा मी त्याच्या आईला फोन लावायलाच उठलो होतो.

भाचा पुण्यात हवामानावर पीएच. डी. करतो. त्याने मला खाली बसवलं आणि माझ्या अज्ञानाचं विसर्जन सुरू केलं. हा ढग म्हणजे कुठल्याशा मोठ्या शेडमध्ये रांगेनं मांडलेले, दुसऱ्याच्या मालकीचे हजारो संगणक. आपण तारेवरून काम पाठवायचं आणि तासाचं भाडं मोजायचं.

"म्हणजे मजुरीचा धंदा की!" मी म्हणालो. सूत शेटजीचं, माग आपला, कापड पुन्हा शेटजीचं. भिवंडीतल्या शेंबड्या पोराला हे कळतं. अमेरिकेच्या ॲमेझॉनला ते २००६ साली सुचलं. आता त्याच कंपनीची गोदामं आमच्याच वेशीवर आहेत. उगीच नाही.

तसा ढगाला काम सांगणारा पहिला माणूस म्हणजे कालिदासाचा यक्ष. त्याला बिल आलं नाही एवढाच फरक. नंतरच्यांचे हाल झाले. रिचर्डसन नावाच्या इंग्रजाने पहिल्या महायुद्धात, रुग्णवाहिका चालवता चालवता, हाताने गणितं करून हवेचा सहा तासांचा अंदाज काढला. त्याला कित्येक आठवडे लागले आणि शेवटी उत्तर साफ चुकलं! आमच्यासारखा माणूस असता तर त्याने वही चुलीत घातली असती. ह्या गृहस्थाने १९२२ साली ती पुस्तक करून छापली. वर लिहिलं की ६४,००० माणसं एका सभागृहात बसवून आकडेमोड केली, तर गणित हवेच्या बरोबरीनं धावेल. एवढी माणसं एका छपराखाली काम करताना गिरणगावानेही पाहिली नसतील.

१९५० साली अमेरिकेत एनिॲक नावाच्या यंत्राने चोवीस तासांचा अंदाज सुमारे चोवीस तासांत काढला. म्हणजे उद्याचा पाऊस उद्याच कळला. पण त्या यंत्राला आकडे भरवत ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी. आणि अशा पुठ्ठ्यांचं मूळ फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास मागावर चढवलेल्या नक्षीच्या पुठ्ठ्यांत! संगणक हा मागाचा नातू लागतो, हे कळल्यावर मी भाच्याला आणखी एक मोदक वाढला.

आपल्याकडेही परंपरा आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं. पुढे तेही दिल्लीला गेलं, पण पुण्याचा रिक्षावाला अजून 'सिमला ऑफिस'ला सोडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' आणि २०२४ साली 'अर्क' हे महासंगणक आले. अर्क सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी गणितं करतो.

"मग तू भाड्याच्या मागावर कशाला?"

"रांग असते, मामा. शिवाय चौकट बारीक केली की गणित वाढतं."

जगाच्या मॉडेलमध्ये शंभर-शंभर किलोमीटरच्या चौकटी असतात. त्यातल्या एकीत कुलाबा, सांताक्रूझ आणि भिवंडी एकदमच मावतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३! सरासरी काढून कोणाचे बीम वाचणार? चौकटीची बाजू निम्मी केली की काम आठपट होतं. भाचा तोच दिवस तीन किलोमीटरच्या चौकटींत पुन्हा पाडत होता. एकदा होता तसा, एकदा समुद्र आणखी तापवून. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते म्हणे.

रात्री अकराला मॉडेल सह्याद्रीवर आपटून बंद पडलं. भाचा डोकं धरून बसला. आमच्या कारखान्यातले जुने जॉबर चाचा दर्शनाला आले होते. त्यांनी विचारलं, "हुआ क्या?" भाचा म्हणाला, "चढावर वारा जोरात जातो, चाचा. एका ठोक्यात तो एक चौकट ओलांडून पुढे निघून जातो."

"अरे, धोटा पार व्हायच्या आत फणी मारली, तर ताणा तुटणारच! माग सावकाश चालव."

भाचा त्यांच्याकडे बघतच राहिला. हाच नियम तीन गणितज्ञांनी १९२८ साली जर्मनीत मांडला होता. त्याने ठोका लहान केला, तुटल्या जागेपासून पुन्हा जोडून घेतलं आणि माग चालू झाला. स्वस्तातली यंत्रं मोठं गिऱ्हाईक आलं की कंपनी दोन मिनिटांत काढून घेते, म्हणून तासातासाला झालेलं कापड गुंडाळून ठेवायचं असतं. ते त्याने ठेवलं होतं.

पहाटे आमची वीज गेली. मी ओरडलो, "गेलं!" भाचा अंधारातून म्हणाला, "ढगात लाइट जात नाही, मामा."

खरी गंमत पुढेच. ढगात माल करायला भाडं, आणि तिथून घरी आणायला निराळा आकार! ही तर जकात! मुंबईची जकात होती तेव्हा व्यापारी काय करीत? माल भिवंडीच्या गोदामात ठेवीत आणि लागेल तेवढाच आत नेत. २०१७ साली जकात गेली, गोदामं राहिली. मी भाच्याला तोच सल्ला दिला. त्याने आपल्या भागाचा पाऊस तेवढा उतरवून घेतला, बाकीचं आभाळ गोदामातच ठेवलं.

तापल्या समुद्राचा आकडा मोठा निघाला. असा दिवस कोणत्या तारखेला येईल, हे मात्र मॉडेल सांगत नाही. कारखान्याच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ अजून आहे; त्या पाण्यात माझे अकरा बीम कुजले होते. रंगारी दरवेळी विचारतो, "पुसू का?" मी नको म्हणतो. आकडा ऐकून मी तिच्या वर वीतभर दुसरी रेघ ओढली. ती वीत माझी. आमच्या गटारांचा हिशेब कुठल्याच ढगात नाही. चाचांनी एकदा रेघेकडे पाहिलं आणि काही न बोलता बीमची घोडी आणखी वर ठोकायला घेतली.