देशांतर्गत वस्तुनिर्माण आणि आर्थिक विकास : भारताचा अनुभव

शेतीवर अवलंबून असलेल्या मनुष्यबळाला अधिक उत्पन्न देणारे काम उपलब्ध करून देणे, हा प्रत्येक विकसनशील देशापुढील मूलभूत प्रश्न असतो. देशांतर्गत वस्तुनिर्माण क्षेत्राचा विस्तार हा त्याचा सर्वाधिक परिचित मार्ग आहे. अल्पशिक्षित कामगारालाही काही महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर कारखान्यात सामावून घेता येते आणि तेथील त्याची उत्पादकता शेतीतील उत्पादकतेपेक्षा अधिक असते. जपान, दक्षिण कोरिया, चीन आणि अलीकडच्या काळात व्हिएतनाम यांनी याच मार्गाने प्रगती साधली.

भारतात २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार एकूण रोजगारापैकी ४६.१ टक्के रोजगार शेती व संलग्न व्यवसायांत, तर केवळ ११.४ टक्के रोजगार वस्तुनिर्माण क्षेत्रात होता. राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा मात्र एक पंचमांशापेक्षा कमी आहे. जवळजवळ निम्म्या कष्टकऱ्यांच्या वाट्याला उत्पन्नाचा एवढा लहान भाग येतो. त्यामुळे कारखानदारीच्या वाढीचा प्रश्न कोट्यवधी कुटुंबांच्या चरितार्थाशी निगडित आहे.

नियोजनाचा आरंभ

स्वातंत्र्यानंतर १९४८ आणि १९५६ च्या औद्योगिक धोरणविषयक ठरावांद्वारे उद्योगांच्या उभारणीची दिशा निश्चित करण्यात आली. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रतिमानावर आधारलेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९५६-६१) अवजड उद्योगांना प्राधान्य मिळाले. भिलई, राउरकेला आणि दुर्गापूर येथील पोलाद कारखाने अनुक्रमे सोव्हिएत संघ, पश्चिम जर्मनी आणि ब्रिटन यांच्या सहकार्याने उभे राहिले. बंगळुरू येथील हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना १९५३ मध्ये, तर पुण्याजवळील पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली. यंत्रसामग्री, पोलाद आणि औषधे देशातच निर्माण करण्याची क्षमता व त्यासाठी लागणारा अभियंत्यांचा वर्ग या काळात घडला.

मात्र १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमावर आधारलेल्या परवाना पद्धतीमुळे कोणी, किती आणि कोठे उत्पादन करावे हे शासन ठरवू लागले. उच्च आयातशुल्क व आयातबंदीमुळे परदेशी स्पर्धा उरली नव्हती. नव्या देशी उद्योजकालाही परवान्याविना प्रवेश नव्हता. उत्पादनाचा दर्जा सुधारण्याची निकड अशा परिस्थितीत निर्माण झाली नाही. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या अँबॅसडर मोटारीचे रूप १९५० च्या दशकापासून २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबेपर्यंत फारसे पालटले नाही. स्कूटरसारख्या वस्तूसाठी ग्राहकाला वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागत असे.

याच सुमारास दक्षिण कोरियानेही आपल्या उद्योगांना संरक्षण आणि स्वस्त कर्जे दिली. मात्र तेथे हे साहाय्य निर्यातीच्या उद्दिष्टांशी जोडलेले होते. त्यामुळे संरक्षण मिळालेल्या कारखान्यालाही जागतिक बाजारपेठेत आपल्या मालाची कसोटी द्यावी लागे.

मोटार उद्योगाचा धडा

साहाय्याला अटींची जोड दिल्यास काय घडते, याचे उदाहरण भारतातही आहे. केंद्र शासनाने १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेडची स्थापना केली, १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीशी करार झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये गुडगाव येथून पहिली मोटार बाहेर पडली. आरंभी बहुतांश सुटे भाग आयात होत असत. मात्र ठरावीक कालावधीत टप्प्याटप्प्याने देशी भागांचे प्रमाण वाढविण्याचे बंधन प्रकल्पावर होते. ते पूर्ण करण्यासाठी स्थानिक पुरवठादारांना तंत्रज्ञान देण्यात आले, त्यांचे जपानी कंपन्यांशी संयुक्त प्रकल्प झाले आणि दर्जा व वेळेची शिस्त अंगवळणी पडली.

एका कारखान्यातून शेकडो लहान-मोठ्या कारखान्यांची साखळी उभी राहिली. पुढे गुडगाव-मानेसर, चेन्नई आणि पुणे-चाकण ही मोटार उद्योगाची प्रमुख केंद्रे झाली. आज भारतात तयार होणारे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर निर्यात होतात. जुळणीपासून आरंभ करूनही सखोल उत्पादनक्षमता निर्माण होऊ शकते, हे या उद्योगाने सिद्ध केले.

उदारीकरणानंतरची स्थिती

२४ जुलै १९९१ रोजी जाहीर झालेल्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांसाठी परवान्याची अट रद्द केली. आयातशुल्कात क्रमशः कपात होऊन बिगर-कृषी वस्तूंवरील सर्वोच्च सर्वसाधारण दर २००७-०८ पर्यंत १० टक्क्यांवर आला. औषधनिर्मिती, मोटारी व अभियांत्रिकी या उद्योगांनी स्पर्धेला यशस्वीपणे तोंड दिले. तथापि अर्थव्यवस्थेच्या वाढीचा मुख्य भार सेवा क्षेत्राने वाहिला.

वस्तुनिर्माण क्षेत्राचा वाटा वाढावा यासाठी २०११ मध्ये राष्ट्रीय वस्तुनिर्माण धोरण स्वीकारण्यात आले. एका दशकात हा वाटा २५ टक्क्यांवर नेणे आणि १० कोटी रोजगार निर्माण करणे, अशी उद्दिष्टे त्यात होती. २५ सप्टेंबर २०१४ रोजी ‘मेक इन इंडिया’ उपक्रमाचा प्रारंभ झाला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तर २०१९ मध्ये नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के प्राप्तिकराचा सवलतीचा दर जाहीर करण्यात आला. असे असूनही वस्तुनिर्माणाचा वाटा २५ टक्क्यांचे उद्दिष्ट गाठू शकला नाही.

मोबाइल संचांची वाटचाल

२०२० पासून उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना टप्प्याटप्प्याने १४ क्षेत्रांना लागू करण्यात आली. तिच्यासाठी सुमारे १.९७ लाख कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. पूर्वीचे साहाय्य बहुधा गुंतवणुकीवर किंवा कारखान्याच्या स्थानावर आधारित असे. या योजनेत आधारभूत वर्षाच्या तुलनेत वाढलेल्या विक्रीवर ठरावीक टक्के रक्कम मर्यादित वर्षांसाठी मिळते. उद्दिष्ट पूर्ण न केल्यास प्रोत्साहनही मिळत नाही.

तिचा सर्वात ठळक परिणाम मोबाइल संचांच्या बाबतीत दिसून आला. सरकारी आकडेवारीनुसार २०१४-१५ मध्ये सुमारे १८ हजार कोटी रुपयांचे असलेले उत्पादन २०२४-२५ मध्ये ५.४५ लाख कोटी रुपयांवर पोहोचले. तामिळनाडू, कर्नाटक आणि उत्तर प्रदेशातील कारखान्यांत हजारो तरुणींना प्रथमच नियमित वेतनाचे काम मिळाले.

या यशाची दुसरी बाजूही विचारात घेणे आवश्यक आहे. इलेक्ट्रॉनिक चिप, पडदा, कॅमेरा अशा महागड्या भागांसाठी परदेशावरील अवलंबित्व कायम असून, संचाच्या किमतीत देशात होणारे मूल्यवर्धन साधारणतः एक पंचमांशाच्या आसपास मानले जाते. श्रीपेरंबुदूर येथील नोकिया कंपनीचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला आणि २०१४ मध्ये बंद पडला, ही घटना या संदर्भात लक्षणीय आहे. केवळ जुळणी करणारा उद्योग स्थलांतर सहज करू शकतो. पुरवठादारांची साखळी रुजली असेल तर ते कठीण होते. ही उणीव भरून काढण्यासाठी मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची स्वतंत्र योजना मंजूर करण्यात आली.

गमावलेली क्षमता

एकदा मिळविलेली क्षमता हातची जाऊ शकते, याचे उदाहरण औषध उद्योगात आढळते. पिंपरीच्या कारखान्याने देशाला पेनिसिलिनच्या बाबतीत स्वावलंबनाकडे नेले होते. पुढे चीनमधून अत्यल्प दराने आयात होऊ लागल्यावर पेनिसिलिन-जी या मूळ द्रव्याचे देशातील उत्पादन थांबले. जगाला औषधे पुरविणारा भारत त्या औषधांच्या कच्च्या द्रव्यांसाठी परावलंबी झाला. २०२० च्या कोविड साथीत या परावलंबनाचे गांभीर्य प्रकर्षाने जाणवले. प्रोत्साहन योजनेअंतर्गत २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथे पेनिसिलिन-जीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. खंडित झालेली क्षमता पुनर्स्थापित करण्यास किती काळ आणि पैसा लागतो, हे यावरून लक्षात येते. चीनबरोबरच्या व्यापारातील भारताची तूट २०२४-२५ मध्ये ९९ अब्ज डॉलरच्या वर होती, ही बाबही येथे नोंद घेण्याजोगी आहे.

रोजगाराचा प्रश्न

भांडवलप्रधान उद्योगांच्या तुलनेत तयार कपडे, पादत्राणे, खेळणी व अन्नप्रक्रिया हे उद्योग प्रत्येक रुपयाच्या गुंतवणुकीमागे अधिक हातांना काम देतात. परंतु तयार कपड्यांसारख्या वस्तू दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होत्या. विणलेल्या कापडाच्या पोशाखांवरील हे आरक्षण २००० च्या सुमारास उठले आणि राखीव यादीतील अखेरच्या वस्तू २०१५ मध्ये वगळण्यात आल्या. तोवर मोठ्या कारखान्यांच्या बळावर बांगलादेशाने तयार कपड्यांच्या निर्यातीत भारताला मागे टाकले होते. तिरुपूरसारखी केंद्रे नावारूपाला आली असली, तरी या क्षेत्राची रोजगारक्षमता पूर्णतः उपयोगात आलेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या चार श्रमसंहितांचा परिणाम या उद्योगांत विशेषत्वाने पाहावा लागेल.

पुढील दिशा

उद्योगांच्या वाढीसाठी अखंड व वाजवी दरातील वीज, जलद मालवाहतूक, कुशल कामगार आणि लघुउद्योजकांना वेळेवर भांडवल या गोष्टी अपरिहार्य आहेत. ऑक्टोबर २०२१ मधील ‘गतिशक्ती’ आराखडा आणि सप्टेंबर २०२२ मधील राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण या दिशेने आखण्यात आले. संशोधन व विकासावरील देशाचा खर्च मात्र सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्केच आहे. स्वतःचे तंत्रज्ञान विकसित झाल्याखेरीज मूल्यवर्धनाचा मोठा हिस्सा देशात राहणे कठीण आहे.

सात दशकांच्या अनुभवातून एक निष्कर्ष स्पष्टपणे निघतो. अटी व कालमर्यादेविना दिलेल्या संरक्षणाने उद्योग निष्प्रभ झाले. स्पर्धा, कालबद्ध साहाय्य आणि स्थानिक पुरवठादारांची जोपासना यांची सांगड जेथे घातली गेली, तेथे उद्योग रुजले. म्हणूनच उत्पादन आणि निर्यातीच्या आकड्यांबरोबर देशात किती मूल्यवर्धन झाले आणि शेतीवरील किती जणांना स्थिर वेतनाचे काम मिळाले, या दोन निकषांवर यापुढील धोरणांचे मोजमाप व्हावे लागेल.